वल्हं उभं, वल्हं आडवं

"एका घरातली दोन माणसं मी एका कयाकमध्ये बसवत नाय," सुदन मेथर म्हणाला. "आधीच सांगून ठेवतंय. नंतर रुसायचं नाय."

"का पण?" मी विचारलं.

"भांडतात. मागे एक नवरा-बायको बसवलेली. अर्ध्या खाडीत गेल्यावर बायको म्हणाली, माका हयंच उतरव, मी चालत जातंय. खाली दोन पुरुष खोल पाणी."

आई हसली. खांबेटे हसले. त्यांचा मुलगा पुष्कर हसला नाही आणि मीही हसले नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच तो समुद्राकडे बघू लागला, मी खाडीकडे. देवबागला हे सोपं आहे. जमिनीची एक निमुळती जीभ, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नजर चुकवायला दोन्हीकडे भरपूर पाणी.

"तर काकी आणि खांबेटेसाहेब निळ्या होडीत," सुदन म्हणाला. "तुम्ही दोघं पिवळ्या. मी माझ्या एकट्याच्या. चला, जॅकेटं घाला."

हे ठरवून चाललं आहे, हे मला तेव्हाच कळलं. निदान तसं मला वाटलं.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. पुण्यात गाड्यांच्या भागांची कंपनं मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. दिवसभर इंजिनं, स्प्रिंगा आणि पत्रे हलवून बघायचे आणि संध्याकाळी कोथरूडच्या माझ्या फ्लॅटवर जाऊन दार लावून घ्यायचं. त्या शांततेची मला गोडी लागली होती. आईला ते पटत नव्हतं. बाबा गेल्यापासून ती सांगलीत एकटी राहायची आणि दर महिन्याला कुठल्यातरी मुलाची माहिती पाठवायची. मग काही महिन्यांपूर्वी तिने ते अचानक बंद केलं. मी समजले, थकली बिचारी.

आणि मग सुलूमावशीचा फोन आला. "वृंदा, आईला तुझ्याशी बोलायचंय, पण तिला धीर होत नाहीये. कोल्हापूरचे खांबेटे म्हणून आहेत, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. त्यांचा मुलगा हैदराबादला—"

"मावशी, कळलं मला."

"कळलं? सगळं?"

"सगळं. आईला म्हणावं मी येते, भेटते आणि मग सांगते."

"अगं बाई," मावशी म्हणाली, "किती मोठं ओझं उतरलं माझं! मी तिला हेच म्हणत होते, वृंदा समजूतदार आहे."

देवबागला पोचल्यावर, सामान खोलीत टाकता टाकता, आईने एवढंच विचारलं, "सुलूने सांगितलं ना तुला?"

"सांगितलं."

"मग बरं झालं. मला ते तोंडाने बोलायला जमत नाही." ती पिशवीची चेन उगीचच उघडत-लावत होती. "तू माणसं बघ. तुझ्या मनात नसेल तर विषय संपला. मी पुन्हा काढणार नाही."

हे मला नवं होतं. आधीच्या प्रत्येक वेळी ती "निदान भेटून तर घे" आणि "तुझं वय काय थांबणार आहे का" यांच्यामध्ये कुठेतरी असायची. या वेळी तिने निर्णय पूर्ण माझ्यावर सोडला होता आणि तो ऐकण्याआधीच ती घाबरली होती. मी नकार मनाशी तयार करूनच आले होते. आता फक्त तो कसा द्यायचा, एवढंच ठरवायचं होतं.

सुदनने आम्हाला गुडघाभर पाण्यात उभं करून शिकवायला सुरुवात केली. पुढे बसणाऱ्याने ठेका द्यायचा, मागच्याने तो सांभाळायचा आणि दिशा बघायची. डावीकडे वळायचं तर उजवीकडे वल्हं मारायचं. इथेच माझा पहिला घोटाळा झाला. तसं का, ते मला माहीत होतं, तरी हातांना पटत नव्हतं.

"आता खुणा," सुदन म्हणाला. "पाण्यात ओरडून कायपण ऐकू येत नाय. वल्हं असं उभं, आभाळाकडे धरलं की सगळं ठीक, पुढे चला. डोक्यावर आडवं धरलं की थांबा. ह्या दोनच. तिसरी खूण नाय."

मी दोन्ही करून पाहिल्या. दोन्ही उलट झाल्या.

"मॅडम, तुमचं सगळं ठीक असताना तुम्ही आमका थांबवतलात," सुदन म्हणाला.

मग त्याने जॅकेटं वाटली. मला तीन घालून बघावी लागली. आईच्या हातात त्याने एक न विचारता ठेवलं. "काकींचं ह्यां," तो म्हणाला, आणि आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच दोऱ्यांत गुंतला.

आईचे पाण्यातले रबरी बूट नवे नव्हते, तळवे घासलेले होते. होडीत चढताना तिने आधी बैठक टेकवली आणि मग दोन्ही पाय आत घेतले, अगदी खुर्चीवर बसावं तसं. एकसष्ट वर्षांची, सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेली माझी आई. मी आधी पाय टाकला आणि होडीच्या पलीकडे पाण्यात बसले.

"आई, तू इथे आधी आली होतीस?" मी पाण्यातूनच विचारलं.

"डिसेंबरमध्ये ज्येष्ठ नागरिक संघाची सहल आली होती ना. सांगितलं होतं की तुला."

सांगितलं असेल. म्हणजे तिथेच खांबेट्यांशी ओळख झाली. म्हणजे मुलांबद्दल बोलणं झालं. जागा बघून ठेवली, माणूस बघून ठेवला आणि मग मावशीला पुढे केलं. सगळं जुळत होतं. माझ्या कामात मी असं सगळं जुळलं की जरा थांबते आणि पुन्हा मोजते. त्या दिवशी मोजलं नाही.

आम्ही निघालो. सुदन सर्वात पुढे, मग निळी होडी, मग आम्ही. नदी समुद्राला मिळते तिथून पलीकडे जायचं होतं, भोगव्याच्या किनाऱ्यावर थांबायचं होतं आणि वारा वाढायच्या आत परत यायचं होतं. पुढे मी होते, मागे पुष्कर. आमची होडी सतत उजवीकडे वळत होती.

"तुम्ही डावीकडे जोरात मारताय," तो मागून म्हणाला.

"मी दोन्हीकडे सारखंच मारतेय."

"मग मी उजवीकडे कमी मारत असेन."

"शक्य आहे."

कयाकमध्ये एक सोय असते. पुढच्याला मागच्याचा चेहरा दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. पुष्करला त्या सोयीनेच धीर आला असावा.

"एक बोलू का? रागावू नका."

"बोला."

"मला कल्पना आहे आपल्याला इथे कशाला आणलंय. बाबांनी तोंडाने काही सांगितलं नाही, ते सांगतही नाहीत. फक्त म्हणाले, करंदीकरबाई आणि त्यांची मुलगी आहे, तू भेट, तुझी पसंती मला महत्त्वाची आहे. पण हैदराबादला माझं एक... म्हणजे एक मुलगी आहे. दोन वर्षं झाली. बाबांना अजून सांगितलेलं नाही."

मला इतकं हलकं वाटलं की माझं वल्हं पाण्यावरून नुसतंच घसरलं आणि त्याच्या तोंडावर पाणी उडालं.

"अहो, मी रागावू नका म्हटलं होतं."

"मी रागावले नाही. मी पण नाहीच म्हणणार होते."

"खरंच?"

"आल्यापासून तेच मनात घोकतेय."

तो मोठ्याने हसला. पुढच्या होडीत ऐकू जाईल म्हणून लगेच थांबला. "मग ठरवून टाकू. तुम्ही सांगता की मी?"

"एकानेच सांगितलं तर दुसऱ्याचं मन वळवत बसतील. दोघांनीही सांगू. पलीकडे पोचलो की आपापल्या घरच्यांना बाजूला घ्यायचं. थोडक्यात. कारणं द्यायची नाहीत."

"कारणं दिली की त्यावर चर्चा होते," तो म्हणाला.

"अगदी."

त्यानंतर आमची होडी थोडी सरळ चालली. मी वर बघू शकले. आणि मला निळी होडी दिसली.

आई पुढे होती, खांबेटे मागे. तिचं वल्हं उजवीकडे पाण्यात गेलं की त्याच क्षणी त्यांचं जायचं. बाहेर यायचं तेही बरोबर. तिने मध्येच हात थांबवून डोक्यावरची टोपी नीट केली तर त्यांचंही वल्हं थांबलं. तिने पुन्हा टाकलं, त्यांनी टाकलं. कोणी कोणाला काही म्हणत नव्हतं. दोन वस्तू अशा एका ठेक्यात हलताना मी रोज बघते. एकतर दोन्हींना हलवणारं यंत्र एकच असतं, नाहीतर त्या कुठेतरी एकमेकींना जोडलेल्या असतात. योगायोगानेही क्षणभर तसं होतं, पण तो फार वेळ टिकत नाही.

त्यांचा ठेका टिकला होता. मला ते दिसलं, विचित्र वाटलं, आणि मी माझ्या मनाला सांगितलं की डिसेंबरमध्ये सराव झाला असेल.

सुदनने मागे वळून माझ्याकडे बघितलं. सगळं ठीक आहे हे सांगायला मी वल्हं उंच धरलं. तो घाईघाईने होडी फिरवून आमच्याकडे आला.

"काय झालां?"

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"मॅडम, ह्यां आडवां धरलात तुम्ही."

भोगव्याच्या वाळूत होड्या ओढून ठेवल्या. आईने दोन डबे उघडले. एकात पोळीचे रोल, दुसऱ्यात खजुराचे लाडू. "हे बिनसाखरेचे," ती खांबेट्यांसमोर डबा धरत म्हणाली. "खांबेट्यांना शुगर आहे," हे तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

खांबेटे उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी लाडू घेतला, तो हातातच ठेवला आणि मला विचारलं, "तुम्हाला आमच्या पुष्करशी बोलायला मिळालं का?"

"मिळालं."

"आणि, म्हणजे, एकंदर..." ते अडखळले. "एकंदर कसं वाटलं?"

"होडी उजवीकडे जाते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू मी काहीतरी महत्त्वाचं सांगितलं होतं. पुष्करने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि वडिलांच्या दंडाला धरून म्हणाला, "बाबा, जरा तिकडे चालता का?"

मी आईला दुसऱ्या बाजूला नेलं. ओली वाळू जिथे संपत होती तिथे ती थांबली. तिचे केस सुटले होते आणि चेहरा उन्हाने लाल झाला होता. बाबा गेल्यापासून मी तिला इतकी तरतरीत पाहिली नव्हती. मला अपराध्यासारखं वाटलं, म्हणून मी घाई केली.

"वृंदा, मला तुला एक—"

"आई, आधी मी बोलते. नाही. मला हे मान्य नाही."

तिने सुटलेले केस कानामागे घेतले.

"माणसं चांगली आहेत," मी म्हणाले. "त्यांचा काही दोष नाही. पण मला नको आहे हे. तू म्हणाली होतीस की विषय संपेल."

"हो. म्हणाले होते."

"मग संपवू या."

"कारण काही?"

"कारण नाही."

"बरं," आई म्हणाली. तिने टोपी काढली, झटकली, त्यात वाळू नव्हतीच, आणि पुन्हा घातली. "बरं. संपला विषय."

मी रडणं, चिडणं, मावशीचा दाखला, सगळ्याची तयारी करून ठेवली होती. हे "बरं" कशात बसवायचं ते मला कळेना. दूर वाळूत पुष्करचे हात हलताना दिसत होते आणि खांबेटे खाली बघत उभे होते. मग त्यांनी हातातला लाडू पिशवीत ठेवला. खाल्ला नाही.

परत निघताना आई पिवळ्या होडीशी जाऊन उभी राहिली. "मी हिच्याबरोबर बसते."

"काकी," सुदन म्हणाला, "माझा नियम—"

"आजचा दिवस राहू दे, सुदन."

तिने त्याला नावाने हाक मारली होती. त्याने खांबेट्यांकडे बघितलं. ते निळ्या होडीत पुढे बसले होते, पाठ आमच्याकडे करून. पुष्कर मागे चढत होता. जाता जाता तो माझ्या कानाशी म्हणाला, "झालं. सांगितलं. पण बाबा एक शब्द बोलले नाहीत. तुमच्याकडे?"

"बरं म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे नॉर्मल आहे का?"

मी होडी पाण्याकडे ढकलली.

ओहोटी संपत आली होती आणि समुद्राकडून वारा उठला होता. तो आम्हाला बाजूने ढकलत खाडीच्या आत नेत होता. आई पुढे होती, मी मागे. सकाळी इतकं सरळ पडणारं तिचं वल्हं आता कसंही पडत होतं, कधी दोनदा एकाच बाजूला, कधी मध्येच थांबत. मी तिच्या ठेक्याशी जुळवायला गेले की ती बदलायची. आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. सुदन पुढून काहीतरी ओरडत होता ते ऐकू येत नव्हतं. निळ्या होडीचंही तेच चाललं होतं. बापलेक गोल फिरत होते.

"आई, एका लयीत मार ना."

"मारतेय."

"रागावलीस का?"

"नाही गं." मग तिची पाठ बोलायला लागली. मला फक्त तिची पाठ आणि टोपी दिसत होती. "तुझं चूक नाही. लोक नावं ठेवतील ते मी धरूनच चालले होते. काकू, आत्या, शेजारपाजार. त्यांची मला भीती नव्हती. पण तू ठेवशील असं नव्हतं वाटलं."

मी काय नावं ठेवली होती? आणि लोक कशाला नावं ठेवतील? लोकांना तर आनंदच झाला असता. आत्याने पेढे वाटले असते.

"लोक का नावं ठेवतील?" मी विचारलं.

"का म्हणजे? या वयात चाळे सुचतात म्हणून."

"छत्तीस म्हणजे काही—"

"छत्तीस कोण?"

"मी."

आईचं वल्हं थांबलं. माझंही थांबलं. होडी वाऱ्याला आडवी झाली आणि एक लहानशी लाट आमच्या मांड्यांवरून गेली. आई अर्धी वळली. कयाकमध्ये पूर्ण वळता येत नाही, त्यामुळे मला तिचा एकच डोळा दिसला. तो लाल होता.

"वृंदा, सुलूने तुला काय सांगितलं?"

"खांबेटे म्हणून आहेत, त्यांचा मुलगा हैदराबादला—"

"पुढे?"

"पुढे मी तिला बोलू दिलं नाही."

त्याच वेळी खालून खर्र आवाज आला आणि होडी थांबली. ओहोटीने खाडीच्या मध्यात वाळूचा एक पट्टा उघडा पाडला होता आणि वाऱ्याने आम्हाला त्यावर आणून टेकवलं होतं. थोड्याच वेळात निळी होडीही तिथेच येऊन लागली. एकच वारा, दोन्ही होड्या बेताल, दुसरं काय होणार. आम्ही चौघंही घोटाभर पाण्यात उतरलो. सुदन त्याच्या होडीतच बसून राहिला, मांडीवर वल्हं ठेवून.

"मी सकाळीच सांगितलेलां," तो म्हणाला.

पुष्कर माझ्याकडे आला. "काय झालं? तुमची आई रडतेय का?"

"आपलं नव्हतंच ते," मी म्हणाले.

"काय नव्हतं?"

"स्थळ. आपलं नव्हतं. त्यांचं आहे."

"कोणाचं?"

मी बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. आई पट्ट्याच्या एका टोकाला उभी होती, खांबेटे दुसऱ्या. दोघं पाण्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही. पुष्करने आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग पुन्हा आईकडे. मग तो पाण्यात बसला.

"मी त्यांना म्हटलं," तो हळू आवाजात म्हणाला, "की असला विचार तुमच्या मनात आलाच कसा. मी म्हटलं, आईला काय वाटलं असतं. अरे देवा. मला वाटलं, आईचा विषय काढला की ते गप्प बसतील."

"बसले."

"हो ना. बसले." त्याने तोंडावर पाणी मारलं. "तीन वर्षं झाली आईला जाऊन. मी दिवाळीत दोन दिवस येतो. बास. तुम्हाला काय वाटतं याबद्दल?"

मी आईजवळ गेले. "आई, मी ते माझ्याबद्दल बोलत होते. मला वाटलं, मला पुष्करसाठी दाखवायला आणलंय."

आईने तोंडावर हात ठेवला. हसू की काय ते तिला ठरवता येईना. "त्याच्याशी? अगं, तो तुला शोभतो तरी का?"

"आई, तो ऐकतोय."

"मी ऐकतोय," पुष्कर पाण्यातून म्हणाला.

मग ती गंभीर झाली. "आणि माझ्याबद्दल?"

ती थांबली. खांबेट्यांची पाठ आमच्याकडे होती, पण मान किंचित वळली होती.

उत्तर सोपं असायला हवं होतं. नकार मी माझ्यासाठी आणला होता. तो परत घेतला की पुरे. पण मी आत शोधलं तर तिथे होकारही सापडेना. सापडलं ते असं, की आईचा हात कोणाच्या तरी हाताशी इतका जुळतो आणि माझ्याशी अर्धी खाडीसुद्धा जुळत नाही. मी महिन्यातून एकदा सांगलीला जायचे. ती माझी वाट बघत असते, असं मी धरून चालले होते. ती एकटी आहे हे मला माहीत होतं, पण कधी एकटेपण कमी झालं ते मला कळलंच नव्हतं. डिसेंबर गेला, स्थळं यायची थांबली, तिचा फोनवरचा आवाज बदलला. प्रत्येक गोष्ट माझ्यासमोर झाली होती आणि प्रत्येकीचा अर्थ मी माझ्याबद्दलच लावला होता.

"मला..." मी म्हणाले आणि पुढे काही आलं नाही.

"राहू दे," आई म्हणाली. "सावकाश सांग."

"मंडळी," सुदन ओरडला, "भरती लागतली. हयसर उभी रवलात तर पोवत येवचा लागतला."

वाऱ्याने तेवढ्यात निळी होडी वाळूवरून सुटली आणि हळूच घसरू लागली. कोणी हाक मारली नाही. खांबेटे पुढच्या टोकाकडे गेले, आई मागच्या. दोघांनी एकदम वाकून दोन्हीकडचे पट्टे पकडले, एकदम उचलली आणि पाण्याच्या दिशेला वळवून ठेवली. एक, दोन, तीन असं काही म्हणावं लागलं नाही. ठेवून झाल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं आणि दोघंही दोन पावलं मागे सरले.

"आता जशी सकाळी आलात तशीच बसा," सुदन म्हणाला. "माका परत फुकटची दगदग नको."

"हेमा," खांबेटे म्हणाले. सकाळपासून ते 'करंदीकरबाई' म्हणत होते. "तू मागे बस म्हणतेस का? मी पुढे बसतो. तुला तोंड लपवायला बरं पडेल."

"गप्प बसा हो," आई म्हणाली आणि पुढेच बसली.

आम्ही पिवळी होडी ढकलली. या वेळी मी आधी बैठक टेकवली आणि मग पाय आत घेतले. पुष्कर मागे बसला. पहिल्या काही हातांत आम्ही दोनदा गोल फिरलो.

"तुमचं काय ठरलं?" मी न वळता विचारलं.

"मला अजून कळत नाहीये काय चाललंय," तो म्हणाला. "सकाळी माझं लग्न होतं, दुपारी बाबांचं." मग थोड्या वेळाने, "एक बरं झालं. आता माझी हैदराबादची बातमी फारच साधी वाटेल."

मी हसले. हसताना हात सैल पडले आणि होडी सरळ झाली.

निळी होडी बरीच पुढे गेली होती. सुरुवातीला त्यांचीही वल्ही पुढेमागे पडत होती. आई थोडं मारायची, थांबायची, जणू हे करायची परवानगी आहे की नाही ते तिला नक्की माहीत नव्हतं. तिच्यामागे खांबेटेही थांबायचे. मी बघत राहिले. मग देवबागचे माड स्पष्ट दिसायला लागले, तेव्हा हळूहळू ते जुळलं. उजवं, डावं. उजवं, डावं. चार पाती आणि पाण्यावर एकच आवाज. असं जुळलेलं बिघडवायला बाहेरून मुद्दाम काहीतरी करावं लागतं. माझं ते एकदा करून झालं होतं.

किनाऱ्याच्या थोडं अलीकडे आईने हात थांबवला. तिने मान वळवून मागे पाहिलं. मी येतेय ना, एवढंच तिला बघायचं असेल. पण ती बघत राहिली. तिला तोंडाने बोलायला जमत नाही. मलाही जमत नाही, ते मी तिच्याकडूनच घेतलं असणार.

मी वल्हं पाण्यातून बाहेर काढलं. कोणती खूण कोणती, हे मनात एकदा नीट म्हटलं. मग दोन्ही हातांनी ते सरळ आभाळाकडे धरलं, उभं. पाणी माझ्या कोपरांवरून खाली ओघळत राहिलं तरी खाली घेतलं नाही.

आई हलली नाही. तिची नजर माझ्यावरून मागे गेली.

माझ्या मागे पाणी ठिबकल्याचा आवाज आला. "मीपण धरलंय," पुष्कर म्हणाला. "बरोबर धरलंय ना? उभंच ना?"

"उभंच."

मग आई पुढे वळली आणि निळी होडी चालू लागली. आम्ही दोघं वल्ही तशीच वर धरून बसलो होतो. आमची होडी पुन्हा उजवीकडे वळायला लागली.